काचेचं हँडल

"काच वर करा! आधी काच वर करा, मग बाकीचं बोला!"

मागच्या सीटवरून बीबीसारा आपा अशी किंचाळली, की मी दचकून ब्रेकच दाबला. माझ्या शेजारी बसलेल्या तुर्दीकुलनं काच खाली केली होती ती किती, तर चार बोटं. हा तुर्दीकुल मेंढ्यांचा व्यापारी, अंगानं दोन माणसांएवढा. डोक्यावरची टोपी काढून तो तिनंच वारा घेत होता.

"आपा, शिजतोय हो मी इथं," तो म्हणाला. "बायसूनला पोचेपर्यंत माझा पुलाव होईल."

"होऊ दे. चरबी तरी कामी येईल! नऊ दिवसांचं पोर आहे मांडीवर माझ्या. डोळे कुठं ठेवून आलात?"

"बरं, काच नको. एशमुराद-अका, एसी तरी लावा."

"एसी? ते तर वाईटाहून वाईट," आपा म्हणाली. "माझ्या भावजयीचं तोंड वाकडं झालं त्या मेल्या वाऱ्यानं. अजून चहा पिताना एका बाजूनं गळतो."

तुर्दीकुलनं माझ्याकडे पाहिलं. मी, त्याचा एशमुराद-अका, म्हणजे एशमुराददादा, रस्त्याकडेच बघत राहिलो. खरं सांगायचं तर मी आपाच्याच बाजूचा. तिर्मिझ ते बायसून ह्या रस्त्यावर मी अठ्ठावीस वर्षं टॅक्सी चालवतोय, आणि माझ्या गाडीत पोर असलं की काच उघडत नाही, हे स्टँडवरच्या सगळ्यांना ठाऊक आहे. मागच्या दोन्ही दारांची काचेची हँडलं मी काढूनच टाकली आहेत. गाडी बदलली की पहिलं काम ते. गाडीचा बंद डबा करतो म्हणून पोरं मला 'डबेवाला' चिडवतात. चिडवू देत, त्यांचं काय जातंय?

जुलैचा महिना, दुपारचा एक. बाळंतिणीचे चाळीस दिवस आणि उन्हाळ्यातले हे आगीचे चाळीस दिवस, दोन्हींना आमच्याकडे चिल्लाच म्हणतात, आणि दोन्हींत शहाण्या माणसानं घराबाहेर पडू नये. पण इस्पितळातून आजच सोडलं, सकाळची गाडी चुकली, म्हणून आपा सुनेला आणि नातवाला घेऊन माझ्याकडे आली होती. नातू दोन दुलयांत गुंडाळलेला, वरून दोरीनं बांधलेला, तोंडावर पांढरा रुमाल. सून नोदिरा, असेल वीस वर्षांची, खिडकीशी अंग चोरून बसली होती. निघाल्यापासून तिनं तोंड उघडलं नव्हतं.

शहराबाहेर पडलो आणि समोरचं आभाळ पिवळं झालं. सरहद्दीच्या नदीपलीकडचा वारा सुटला होता, अफगाणी वारा. तो आला की धूळ अशी येते की गाडीचं नाकसुद्धा दिसत नाही, आणि ती धूळ गरम असते, तंदूरमधल्या राखेसारखी. आता तर काच उघडायचा प्रश्नच मिटला. मी दिवे लावले, वेग कमी केला. आतली हवा कोंडून गेली.

पोर रडत होतं. आधी मोठ्यानं, मग किरकिर, मग मांजराच्या पिल्लासारखं बारीक. पुढं एक कालवा लागतो, त्याच्या पुलापर्यंत ते गप्प झालं.

"झोपला बघा," आपा समाधानानं म्हणाली. "गाडीत पोरं छान झोपतात."

हे वाक्य मी पूर्वी ऐकलं होतं. मीच म्हटलं होतं ते.

एकतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. माझा पहिला मुलगा एल्योर सात महिन्यांचा होता. देनोवला लग्न होतं, ते उरकून आम्ही उन्हाचे परत निघालो. गाडी जुनी, मागच्या सीटवर बायको, ओयसुलू, आणि तिच्या मांडीवर एल्योर. वाटेत तिनं काच उघडली. मी ओरडलो. "अक्कल आहे का? पोराला वारा लागेल!" तिनं काच बंद केली. एल्योर झोपला, आणि मी म्हटलं, बघ, गाडीत पोरं छान झोपतात. संध्याकाळी तो तापानं फणफणला, आणि तिसऱ्या दिवशी गेला. दफन करून आल्यावर घरभर माणसं बसलेली असताना मी तिला एकच विचारलं, "काच कुणी उघडली होती?"

तिनं उत्तर दिलं नाही. आजवर दिलेलं नाही. आमच्याकडच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, थोरल्या मुलाचं नाव लावून हाक मारतात. त्या दिवसापर्यंत मी एल्योरचे बाबा होतो. नंतर कितीतरी दिवस ती मला नुसतं "अहो" म्हणायची, आणि पुढं दोन मुली झाल्यावर मी मुलींचे बाबा झालो. माझ्या गाडीत बसली की ती हात मांडीवर ठेवते, काचेकडे बघतसुद्धा नाही. मी तिला माफ केलंय असं मी समजत होतो. केवढ्या मोठ्या मनाचा माणूस मी!

आरशात मला नोदिराचा चेहरा दिसला. ती रुमाल उचलून बाळाकडे बघत होती. तिचे ओठ हलले.

"आई, ह्याचं अंग..." ती पुटपुटली.

"झाक ते तोंड. धूळ जाईल," सासू म्हणाली.

तिनं झाकलं. सासूपुढं सुनेनं दुसऱ्यांदा बोलायचं नसतं. पण तिचे डोळे आरशात माझ्या डोळ्यांना भिडले आणि तिथंच राहिले. मी सीटवर सावरून बसलो. हाताला घाम सुटून स्टिअरिंग सटकत होतं.

"आपा," मी म्हणालो, "जरा एक दुलई सोडा. आत उकडतंय फार."

"एशमुराद-अका, तुम्ही रस्ता बघा. मी सात पोरं वाढवलीत."

"बरोबर आहे तुमचं," मी म्हणालो. काय करणार? वडीलधारी बाई, नातू तिचा.

तेवढ्यात तुर्दीकुल माझ्याकडे झुकला. त्याचा चेष्टेचा सूर पार गेला होता. हळूच म्हणाला, "अका, मी माणसांचं सांगत नाही. पण उन्हात ट्रकमधलं कोकरू गप्प झालं ना, तर ते झोपलेलं नसतं."

काय सांगू तुम्हांला! एल्योरच्या वेळीही मागच्या सीटवर असाच रुमाल, अशीच शांतता. काच उघडावी तर पोराला वारा लागेल, आणि वाऱ्यानंच माझा एल्योर गेला. ही खूणगाठ एकतीस वर्षं मी मनाशी बांधलेली. न उघडावी, तर हा मेंढरंवाला म्हणतो ते. दोन्हीकडून मरण. मला एवढी भीती आयुष्यात वाटली नव्हती. घाटात एकदा ब्रेक गेले होते तेव्हासुद्धा नाही.

मी एसीचं बटण दाबलं.

"अहो! काय करताय?" आपा पुढं झेपावली. "बंद करा! बंद करा ते!"

"आपा, गाडी माझी आहे," मी म्हणालो. मोठ्या माणसाशी मी असा कधी बोललो नव्हतो, माझा आवाज मलाच परका वाटला. "नोदिरा, सोड ती दोरी. सगळं सोड. उघडं कर त्याला."

पोरीनं सासूकडे पाहिलंसुद्धा नाही. बाळ आपल्या मांडीवर ओढलं, दातांनी गाठ सोडली. आतून बाळ निघालं ते लालबुंद, कोरडं, मान टाकलेलं. आपानं ते बघितलं आणि तिचा ओरडा घशातच राहिला.

तुर्दीकुलकडे बाटलीत गार झालेला हिरवा चहा होता. त्यानं आपला कमरेचा रुमाल त्यात भिजवून मागं दिला. "पाय पूस पोरी, पाय आणि बगला," तो नोदिराला म्हणाला. "भिऊ नको. पूस."

वाटेवरच्या गावचा दवाखाना अजून अठरा किलोमीटर. मी धुळीत गाडी पळवली, समोरून कोण येतंय ते अल्लालाच माहीत. धूळ मागं पडली आणि चढ सुरू झाला, तर इंजिनच्या तापमानाचा काटा लालवर. माझी गाडी गॅसवर चालते. गॅसवर चढ आणि वर एसी, हे तिला झेपत नाही. एसी लावून चढलो तर दोन किलोमीटरवर इंजिन उकळून उभी राहणार, आणि ह्या उन्हात उभं राहणं म्हणजे संपलंच. मी एसी बंद केला, पुढच्या दोन्ही काचा खाली घेतल्या. पण मागच्या काचा? हँडलं माझ्या घरी, खिळ्यांच्या डब्यात.

माझ्याच हातांनी मी हा डबा करून ठेवला होता.

"पकड आहे, सीटखाली!" मी ओरडलो. तुर्दीकुलनं ती ओढून काढली, पाठीमागं वळला, आणि त्या एवढ्या देहानं दोन सीटांच्या मधून वाकून मागच्या दाराला हँडलच्या जागी उरलेला दांडा पकडीत धरला. पकड सटकली. पुन्हा धरली. त्याच्या बोटांची सालं निघाली, तो शिव्या देत होता, आणि आपा, हो, आपाच, त्याच्या हाताखाली आपली ओढणी गुंडाळून धरत होती. करकरत काच उतरायला लागली. वारा आत आला. तापलेला होता, पण वारा होता. मी मनातल्या मनात म्हणत होतो, अल्ला, मी चुकत असेन तर मला ने, त्याला नको.

दवाखान्याच्या दारात नर्स सनोबर उभी होती. पन्नाशीची, चपला फटफटवत चालणारी, तोंडाची फटकळ. तिनं पोर हातात घेतलं, एक नजर टाकली आणि आत पळाली. पळताना ओरडली, "ह्या उन्हात दुलया कुणी गुंडाळल्या? त्याला बोलवा आत, त्यालाच गुंडाळते!"

नोदिरा तिच्यामागून आत गेली, आम्ही तिघं बाहेर तुतीच्या झाडाखाली उभे राहिलो. आपा जमिनीवर बसली. किती वेळ गेला कोण जाणे. मग आतून आवाज आला. आधी बारीक, मग चांगलं ताणलेलं, रागावलेलं रडणं. तुर्दीकुल लहान पोरासारखा रडायला लागला. आपानं कपाळ गुडघ्यांना टेकवलं.

"माझ्या सासूनं मला असंच शिकवलं होतं हो," ती म्हणाली. "असंच."

घटकाभरानं सनोबर हात पुसत बाहेर आली. "ऊन लागलं होतं. वाचला. आईच्या अंगावर पितोय. शहरात नेऊन एकदा डॉक्टरांना दाखवायला लागेल, मी गाडी मागवलीय." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही का असे पांढरे पडलात? पाणी प्या."

मी पाणी प्यायलो, आणि कुणाला कधी न सांगितलेलं तिला सांगितलं. देनोवचं लग्न, सात महिन्यांचा एल्योर, वारा, ताप. ती ऐकत होती.

"काच किती वेळ उघडी होती?" तिनं विचारलं.

"पाच मिनिटं. मग मी बंद करायला लावली."

"आणि बंद किती वेळ होती?"

"घरापर्यंत. अडीच तास."

फटकळ सनोबरनं नुसता माझ्या हातातला पेला घेतला, पुन्हा भरला आणि माझ्यापुढं धरला. तो घ्यायला माझा हात उठेना.

घरी आलो तेव्हा ओयसुलू अंगणात जर्दाळू वाळत घालत होती. मी खिळ्यांचा डबा काढला. हँडलं गंजली होती. तेल लावून, घासून एक कसंबसं बसवलं, मागच्या डाव्या दाराला, तिच्या बाजूला. ती लांबून बघत होती.

शुक्रवारी तिला बहिणीकडे सोडायचं होतं. ती नेहमीप्रमाणे मागं बसली, हात मांडीवर. गाव संपेपर्यंत मला धीर झाला नाही. शेवटी रस्त्याकडे बघतच म्हणालो,

"देनोवहून येताना तू काच उघडलीस ते बरोबर होतं. बंद मी करायला लावली. जे झालं ते त्यानं झालं. आणि चारचौघांत विचारलं मी तुला."

मी आरशात बघितलं नाही, माझी छातीच झाली नाही. पोपलरची झाडं गेली, विटांची भट्टी गेली, कापसाचं शेत लागलं. वाटलं, आता ओयसुलू गाडी थांबवायला सांगेल, उतरून चालत जाईल, आणि गेली तर मी काय तोंडानं अडवणार?

मग हँडल करकरलं. एक फेरा. थांबलं. दुसरा फेरा. पुढं सगळी काच उतरेपर्यंत ते थांबलं नाही. तिच्या ओढणीचं टोक उडून माझ्या खांद्यावर आलं.

"एल्योरचे बाबा," ती म्हणाली, "जरा हळू चालवा. वारा लागतोय."

मी गिअर उतरवला, आणि बहिणीच्या घरापर्यंत गाडी हळूच चालवली.