कपाटामागची भिंत

“पाठ बघितलीत का?” सिस्टरने विचारलं.

घर तपासायला आलेल्या इंजिनिअरने कागदावरून मान वर केली. “कुणाची?”

“भिंतीची. त्या कपाटामागची.”

इंजिनिअर दलालाकडे बघून हसला. दलालही हसला. खाटेवर बसलेले घरमालक आजोबा तेवढे हसले नाहीत. त्यांना खोकल्याची उबळ आली होती.

सिस्टरला सगळेच सिस्टर म्हणत. वॉर्डातले पेशंट, दूधवाला, पोस्टमन. सख्खी धाकटी बहीणसुद्धा, आधी चेष्टेने आणि मग सवयीने. चौतीस वर्षांच्या नोकरीनंतर निरोपाच्या दिवशी तिला भिंतीवरचं घड्याळ मिळालं आणि त्याच आठवड्यात क्वार्टर रिकामं करण्याचं पत्र. घड्याळ लावायला भिंत कुठली, हे कुणी विचारलं नाही. आता मुदतीचे बारा दिवस उरले होते. दोघी बहिणींचा संसार खोक्यांत बांधून झाला होता. चार महिने वणवण केल्यावर आवाक्यातलं मिळालेलं हे एकच घर. धाकटीने तर खिडक्यांची मापं घेऊन पडदे शिवायलाही काढले होते.

इंजिनिअरला दलालानेच आणलं होतं, पण त्याची फी सिस्टरने भरली होती. पुढच्या खोलीत त्याने फरशा ठोकल्या, नळ सोडून बघितले, छतावर बॅटरी मारली. मागच्या खोलीच्या मात्र उंबऱ्यावरच उभा राहिला आणि ‘भिंती’ या शब्दापुढे त्याने ‘ठीक’ लिहून टाकलं.

कपाट हलवणं आपल्या कामात येत नाही, दिसेल तेवढंच बघायचं असतं, असं त्याने सांगितलं.

“मग ‘दिसलं नाही’ असं लिहा,” सिस्टर म्हणाली. “‘ठीक’ कसं लिहिलंत?”

“सिस्टर, तुम्ही घर घेताय की ऑपरेशन करताय?” दलाल म्हणाला. मग जरा आवाज उतरवून त्याने दुसरं गिऱ्हाईक कसं टपून बसलंय ते ऐकवलं, आणि कपाट लोखंडी आहे, चार माणसांना ऐकायचं नाही, हेही.

सिस्टरच्या डोक्यात तिडीक गेली. माझ्या पैशांनी आलेला माणूस कपाटाची बाजू घेतो कसा? ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. मळकट भिंतीवर तिथे कपाटाच्या मापाचा उजळ चौकोन होता. म्हणजे कपाट वर्षानुवर्षं त्या बाजूला होतं, आणि हल्लीच कुणीतरी ते खाटेच्या उशाशी आणून उभं केलं होतं.

“आजोबा, खोकला कधीपासून?”

“झाली तीनेक वर्षं.”

“बाहेरगावी गेलात तरी येतो?”

आजोबा आठवू लागले. “मुलाकडे आठ दिवस होतो. तिथं नाही आला.” मग त्यांनी दलालाकडे बघितलं आणि गप्प झाले.

सिस्टरने पदर खोचला. एक जुनी चादर द्या, म्हणाली. आजोबा क्षणभर तसेच बसून राहिले. मग उठले आणि आपल्या अंगाखालचीच चादर काढून त्यांनी तिच्या हातात दिली.

चार माणसांना न ऐकणारी माणसं तिने आयुष्यभर एकटीने हलवली होती. तिने इंजिनिअरला कपाट एका बाजूने जरासं उचलून धरायला लावलं, घडी घातलेली चादर पायांखाली सारली, मग दुसऱ्या बाजूने तसंच. “आता डोक्याकडे तुम्ही राहा, पायाकडून मी ओढते. झटका द्यायचा नाही. एक, दोन, तीन.” कपाट निमूटपणे सरकलं, स्ट्रेचरवर घेतलेल्या पेशंटसारखं.

आधी वास आला. मग भिंत दिसली. जमिनीपासून छातीपर्यंत काळी, मध्ये हिरवट, बुरशीची लव चढलेली. सिस्टरने बोट लावलं तर गिलाव्याचा पोपडा ओल्या पावासारखा निघून आला.

“रंगाचे दोन हात मारले की झालं,” दलाल म्हणाला.

सिस्टर वळली ती इंजिनिअरकडे. तिचा आवाज चढला नाही. वॉर्डात तिचा आवाज उतरला की शिकाऊ डॉक्टर घाबरायचे.

“चौतीस वर्षं नोकरी केली. पालथं केल्याशिवाय एकाही पेशंटच्या कागदावर ‘पाठ ठीक’ असं लिहिलं नाही मी. अंगाला वास येत असला तरी, घरी जायची वेळ झाली असली तरी. तुम्हाला तर नुसतं कपाट सरकवायचं होतं. आणि ह्या भिंतीकडे डोकं करून एक माणूस रोज झोपतोय, तोही दिसला नाही?”

इंजिनिअरने ‘ठीक’ खोडलं. तिने ‘ओल, बुरशी’ लिहून घेतलं आणि खाली वेळही टाकायला लावली.

दलाल फोन लावत बाहेर गेला. आजोबा भिंतीकडे न बघता म्हणाले, “मुलानं बजावलं होतं, बाबा, तुम्ही फक्त बोलू नका. घर गेलं की तुम्हाला घेऊन जातो, म्हणाला होता.” मग त्यांनी विचारलं, “आता तुम्ही नाही घेणार?”

“नाही.”

“बरोबर आहे.”

सिस्टरला संताप आला होता, आणि तो ज्याच्यावर काढावा असा माणूस त्या खोलीत नव्हता. या घरातली कोरडी जागा इतकी वर्षं कपाटाला होती आणि ओली माणसाला. तिने इंजिनिअरला दारातूनच परत बोलावलं. दोघांनी खाट उचलून त्या उजळ चौकोनाखाली नेली. तिने खिडकी उघडली, दोरीवरची धुतलेली चादर घातली, कोपरे वॉर्डातल्यासारखे घट्ट दुमडले, आणि आजोबांना बसवून त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. छातीच्या डॉक्टरांचं नाव लिहून कागद उशीखाली ठेवला.

क्वार्टरवर आली तेव्हा धाकटी मशिनवर बसली होती. सिस्टरचा चेहरा बघून तिने पाय थांबवला. सिस्टरने सगळं सांगितलं. मशिनवरचा पडदा धाकटीने काढला नाही, उसवलाही नाही. टेपने एकदा मोजून खालची दुमड आणखी चार बोटं वाढवली.

“दुसऱ्या घराची खिडकी मोठी निघाली तर सोडता येईल,” म्हणाली, आणि पुन्हा मशिन चालू केलं.