सोमवारची सुई

रोज सात वाजले की मी पळते म्हणून चिडवता ना? मग ऐका आता, मध्ये कुणी बोलायचं नाही.

आमचं शिलाईचं दुकान. बंद करताना दोरीला बांधलेलं लोहचुंबक फरशीवरून ओढायचं, पडलेल्या सुया-टाचण्या गोळा करायच्या, हे काम लहानपणापासून माझं. मी ओरडायचं "पाय!", की बाबा मशीनखालचे दोन्ही पाय उचलणार, मग मी खालून चुंबक फिरवणार. त्या सोमवारी मला पिक्चरला उशीर होत होता, बाबा कोटाची बाही लावत होते, मी "पाय!" म्हटलंच नाही. म्हटलं, एका दिवसानं काय बिघडतंय!

मंगळवार-बुधवारही तसेच गेले, गुरुवारी म्हटलं. बाबांनी पाय उचलले आणि चुंबक टक्कन उजव्या चपलेच्या तळाला चिकटलं. मी हसले रे! चप्पल ओढून काढली, तर मशीनची तुटकी सुई तळातून आरपार, मोजा रक्ता-पुवानं चिकटलेला. आणि बाबा वरून विचारतायत, "काय गं, काय सापडलं?"

तीन दिवस तीच चप्पल घालून फिरत होते! शुगर एकोणीस वर्षांची. आधी पायाला मुंग्या यायच्या, मग यायच्या बंद झाल्या, तर आम्ही खूश, म्हटलं औषध लागू पडलं! डॉक्टर म्हणाले, नसाच मेल्यात, आणि रक्तही खाली नीट पोचत नाही.

आई म्हणाली, "शिंप्याला सुईनं काय होतंय हो?"

आधी दोन बोटं काढली. बाबा डॉक्टरांना म्हणाले, "मार्जिन ठेवून कापा हां, पुन्हा उसवायला नको." डॉक्टर हसले. पंधरा दिवसांत काळं वर चढलं. मग गुडघ्याखालून गेला पाय. हॉस्पिटलच्या कॉटवर बसून बाबांनी स्वतःच पँटचा उजवा पाय दुमडून टीप घातली, हातानं, इतकी बारीक की टाका दिसत नाही.

आता मशीन बंदच आहे. फरशीवर सुई पडायचा प्रश्नच नाही, तरी मी आधी चुंबक फिरवते, मग डावा पाय मांडीवर घेऊन टॉर्चनं बघते, बोटांच्या बेचक्या, टाच, सगळं. बाबा विचारतात, "काय सापडलं?" मी म्हणते, "काही नाही." तेव्हा कुठे आई श्वास सोडते.

काल टाचेला फोड होता. वाटाण्याएवढा, कडेनं काळपट. बाबांना काही कळतच नव्हतं. विचारलं त्यांनी. मी म्हटलं, "फोड आहे, बाबा."

मग म्हणाले, "बघ गं, अजून किती मार्जिन उरलंय."

आईनं तोंडात पदर कोंबला.

उद्या दहाला डॉक्टरकडे नेतोय. आणि ते सोमवारचं घरी कुणाला माहीत नाहीये. बाबांना वाटतं, त्यांचीच चूक, चप्पल बघून घातली नाही. रोज म्हणतात तसं, माझ्यासमोर.

सोडा आता मला. सात वाजले.