पुतळ्याच्या कमरेला

मी पोटं वाचणारा पट्टा बोलतोय. या इस्पितळात माणसाच्या आतलं माझ्याइतकं कोणी बघितलेलं नाही, मोठमोठ्या डॉक्टरांनीसुद्धा नाही. आता खरं विचाराल तर बघते ती गोळी. माणूस ती कॅमेऱ्याची गोळी गिळतो, ती आतड्यातून घरंगळत फोटो काढत जाते आणि माझ्याकडे धाडते. मी बाहेर कमरेला बसून नुसता ते डबीत भरतो. त्यातलं मला ओ की ठो कळत नाही. माझं शिक्षण एवढंच: घे आणि ठेव.

कारखान्यात मला जन्माला घातलं तेव्हा कापडात तारा शिवल्या, बाजूला डबी लावली, डबीवर एक हिरवा दिवा आणि आत एक पिपाणी. गोळीचा आवाज ऐकू येतोय तोवर दिवा लुकलुकतो. आवाज तुटला की पिपाणी बोंबलते. भर बैठकीत, लिफ्टमध्ये, कोणी गंभीर चेहरा करून बसलं असताना पिपाणी वाजवण्यात जी मजा आहे ती दुसऱ्या कशात नाही.

गोळ्यांशी माझी मैत्री मात्र एका दिवसाची. सकाळी गट्टी जमते, संध्याकाळी बिचारी कुठून बाहेर पडते ते विचारू नका. मी परत येतो, पुसला जातो, खुंटीवर टांगला जातो.

कितीतरी कमरा पाहिल्या. सगळ्यांची खोड एकच: मला बांधताना पोट आत ओढतात. अहो, जिथं आतून कॅमेरा फिरणार तिथं बाहेरून पोट आवळून काय लपवणार?

असाच एकदा शिंपीकाकांच्या कमरेला लागलो.

काकांचं रक्त कुठूनतरी गळत होतं. दुखणं नाही, उलटी नाही. शौचाला डांबरासारखं काळं व्हायचं आणि माणूस पांढराफटक पडत चालला होता. वरून नळी घालून पाहिली, खालून घालून पाहिली, दोन्हीकडे सगळं ठाकठीक. मधलं लहान आतडं तेवढं राहिलं, तिथवर त्या नळ्या पोचत नाहीत. रक्ताची पिशवी चढवली की काका टवटवीत, शिवणयंत्रावर बसून गाणी म्हणायचे. मग पुन्हा जिन्यात मध्येच बसकण मारायचे. काकू म्हणजे त्यांची बायको, ती त्या पायरीवर शेजारी बसून वाट बघायची आणि वर तोंड करून म्हणायची, मलाच दम लागला हो.

काकांची पुतणी परगावी असते. तिने ट्रायल शोधायचं मनावर घेतलं. ट्रायल म्हणजे उपचारांची परीक्षा घेणारे अभ्यास. कुठं कुठं चालू आहेत ते आता फोनवर बघता येतं. एक सापडली ती यकृत बिघडलेल्यांसाठी. दुसरी, ज्यांना रक्ताच्या उलट्या होतायत त्यांच्यासाठी. काका म्हणाले, प्रयत्न करून बघू का. तिसरी बंद झालेली. चौथी नेमकी काकांच्या दुखण्याची निघाली, आणि पत्ता बघते तर ज्या इस्पितळात काका रक्त चढवून घ्यायचे तेच, वरचा मजला. इतके महिने काका माझ्या पायाखाली झोपत होते म्हणा ना.

वरच्या मजल्यावरच्या सिस्टरने दोघांना समजावून सांगितलं. असं लपून गळणारं रक्त असलं की निम्म्या लोकांना लगेच गोळी द्यायची, निम्म्यांना नेहमीच्या क्रमाने आधी बाकीच्या तपासण्या, आणि जागा लवकर कोणाची सापडते ते बघायचं. कोण कुठल्या गटात ते कॉम्प्युटर ठरवणार. काकांना ते पटेना. म्हणाले, मी गिऱ्हाईकाला चार कापडं दाखवतो, पसंत पडेल ते घे म्हणतो. इथं कापडही तुमचं आणि पसंतीही यंत्राची?

काकू मात्र वेगळ्याच गाठीवर अडली होती. "म्हणजे माझ्या नवऱ्यावर प्रयोग करणार."

"प्रयोगच म्हणा काकू," सिस्टर म्हणाली. "गोळी नवीन नाही, आधीपासून वापरात आहे. ती लवकर दिली तर जास्त बरं पडतं का, एवढंच शोधायचंय. काकांचा फायदा होईलच असं मी सांगणार नाही. क्वचित गोळी आत अडकते, मग ती काढावी लागते, कधी ऑपरेशनसुद्धा. आणि नको वाटलं तर कधीही बाहेर पडा. उपचार आहेत तसेच चालू राहतील."

काका तिथल्या तिथं सही ठोकायला निघाले होते. काकूने पेन काढून घेतलं, घरी नेऊन त्यांना विचार करायला लावला, पुतणीला फोनवर भंडावून सोडलं, आणि मग परत आणलं. कॉम्प्युटरने काकांना गोळीच्या गटात टाकलं. काका असे खूश झाले जसा काही तो त्यांना ओळखून होता.

गोळी गिळली, मी कमरेला बसलो. सिस्टरने बजावलं: हिंडा, फिरा, पण पट्टा काढायचा नाही, संध्याकाळी परत या. काका घरी गेले. घर वर, दुकान खाली. आणि दुकानात आरसा.

आरशात काकांनी मला पाहिलं आणि त्यांचं तोंड वाकडं झालं. मी लोंबत होतो. माझी चूक नाही, आजाराने काकांना कंबरच उरली नव्हती. पण आयुष्यभर लोकांच्या कमरा मापात बसवलेला माणूस. ढगळ पट्टा अंगावर घेऊन बाजारातून कसा जाईल? त्यांनी मला सोडलं. दोन्ही बाजूंनी चिमटा घेऊन मला आवळायचं तर कोणाच्या तरी अंगावर चढवायला हवं. म्हणून त्यांनी मला कोपऱ्यातल्या पुतळ्याच्या कमरेला बांधलं.

पुतळ्याच्या. ज्याला डोकं नाही, पाय नाहीत, पोटात नुसता कापूस. मी हाका मारतोय, गोळी उत्तर देत नाही. दिवा गेला, पिपाणी सुरू झाली. काकांनी तोंडात टाचण्या धरून खडूने रेघ ओढली आणि पिपाणी ऐकू जाऊ नये म्हणून माझ्यावर अस्तराचं कापड टाकलं.

काकू जिना उतरून आली. कापड उचललं. जरा वेळ ती पुतळ्याकडे आणि नवऱ्याकडे आळीपाळीने बघत राहिली.

"अहो, पट्टा इथं आणि पोट तिथं?"

टाचण्यांसकट तिने मला काकांना परत बांधलं. दिवा लुकलुकला. किती वेळ गेला होता ते कोणालाच ठाऊक नव्हतं. आता मात्र काकांचा चेहरा उतरला. म्हणाले, सिस्टरला सांगू नकोस, ट्रायलमधून काढतील. काकूला वेगळीच धास्ती. रक्त गळायची जागा नेमकी तेवढ्यात मागे पडली असली तर काय, हेच तिच्या मनात होतं.

"काढलं तर काढलं," ती म्हणाली. "या फोटोंवरून पुढे आणखी लोकांचे उपचार ठरणार. त्यात तुमचा पुतळा नको."

संध्याकाळी तिने सगळं सांगून टाकलं. सिस्टरने माझ्यातल्या टाचण्या काढल्या, मान खाली घालून खूप वेळ हसू दाबलं, आणि मग म्हणाली की सांगितलंत ते फार बरं केलंत, एवढ्यासाठी कोणाला काढत नाहीत. मधले फोटो मात्र गेले ते गेले.

मग डॉक्टरीणबाईंनी फोटो पाहिले. पुतळ्यापर्यंत सगळं गुलाबी, स्वच्छ. मग अंधार. आणि अंधार संपल्यावर अगदी पहिल्याच फोटोत, आतड्याच्या भिंतीवर एक फुगलेली बारीक रक्तवाहिनी आणि तिच्यातून झिरपणारं लाल. गोळी तिथंच रेंगाळली होती. काकू आणखी जरा उशिरा जिना उतरली असती, तर ती पुढे निघून गेली असती.

मग तिथवर पोचणारी खास लांब नळी घालून ती जागा भाजून बंद केली. काकांचा रंग परत आला.

आता मी म्हातारा झालोय. बिनपट्ट्याच्या गोळ्या येणार म्हणतात. मग मला खुंटीच राखायची. काकांच्या खडूची रेघ अजून अंगावर आहे, पुसता पुसली जात नाही. सिस्टर नव्या माणसाला बजावते, पट्टा काढू नका, आणि पुतळ्याला तर मुळीच घालू नका, आणि तो माणूस बावचळून इकडेतिकडे बघतो. माझं तुमच्याकडे मागणं एवढंच: पोट आत ओढू नका, आणि काही घोटाळा केलात तर पिपाणी झाकू नका.

परवा काका तपासणीला आले होते. जिना एका दमात चढून आले. मला खुंटीवर बघून ओळख दिली, रेघेवरून बोट फिरवलं, आणि सिस्टरला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "पुतळ्याच्या पोटाचे फोटो निघाले असते तर काय बहार आली असती."

काकू मागून पिशवी घेऊन येत होती.

"त्याचं काय बघायचंय," ती म्हणाली. "ठेवला तिथं उभा राहतो बिचारा. रात्ररात्र उशाशी बसून छाती हलतेय का बघायची वेळ त्याने माझ्यावर कधी आणली नाही."