आवरायची नाही, लावायची

“ठेवायचं, द्यायचं की टाकायचं?”

आवरणाऱ्या बाईने माझं पितळी बदक मान धरून उचललं होतं. तिच्या पायाशी तीन खोकी होती आणि प्रत्येकावर चिठ्ठी. ठेवायचं खोकं रिकामं होतं, द्यायचं अर्धं भरलं होतं, आणि टाकायच्या खोक्यातून माझा वेताचा दिवा बाहेर डोकावत होता.

“आधी त्याची मान सोड,” मी म्हणाले. “पोटाखाली हात घाल.”

“काकू, पण ह्याचा उपयोग काय?”

“वारा सुटला की दाराला लावते. आणि नसता उपयोग, तरी काय झालं? बिनउपयोगाचं टाकायचं म्हटलं तर माझ्यापासूनच सुरुवात करावी लागेल.”

“आई!” खिडकीपाशी उभी असलेली माझी लेक म्हणाली. “आल्या आल्या नको ना.”

ह्या बाईला लेकीनेच बोलावलं होतं. लोकांची घरं आवरून देणं हा तिचा धंदा. अंगात मातकट रंगाचा सदरा, कमरेला मोजपट्टी, चेहऱ्यावर दंतवैद्याचं हसू. मुलगी वाईट नव्हती. पण आल्यापासून ती माझ्या खोलीकडे जशी बघत होती, तसं मी फक्त डॉक्टरांना एक्स-रेकडे बघताना पाहिलंय.

तिला बोलवायचं कारण माझं मनगट. गेल्या महिन्यात ह्याच खोलीत बेल वाजली म्हणून मी लगबगीने उठले, गालिच्याच्या काठात पाय अडकला आणि आडवी झाले. बेल वाजवणारा कंटाळून निघून गेला. मी दुपारभर जमिनीवर. खालच्या मजल्यावरच्या शिंपीकाकांकडे माझी किल्ली असते, ते संध्याकाळी चहाला वर आले तेव्हा कुठे सुटका झाली. हात प्लास्टरमध्ये गेला आणि लेकीने एकच धोशा लावला. एक तर ही खोली मोकळी कर, नाहीतर कायमची माझ्याकडे चल.

तिच्या घरी भिंती पांढऱ्या, सोफा पांढरा, पायपुसणंसुद्धा पांढरं. तिथे कप हातात घेऊन बसलं की मला तोंडी परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. चार दिवस पाहुणी म्हणून मी तिथे छान असते. कायमची गेले तर एक दिवस मलाही कोणीतरी मान धरून उचलेल आणि विचारेल, हिचं काय करायचं?

कोणाला वाटेल, बाईला नीटनेटकेपणाचं वावडं आहे. मुळीच नाही. मी सगळी नोकरी इस्पितळात काढली, ऑपरेशनची हत्यारं उकळून, सुकवून त्यांचे ट्रे लावण्यात. पांढरी खोली, पांढरे झगे, तोंडावर वाफ. आणि घरी नवरा. माझा नवरा वाईट नव्हता, नीटनेटका होता. भिंतीत खिळा ठोकायचा म्हटलं की जणू त्याच्याच छातीत ठोकतोय असं तोंड करायचा. तो गेल्यावर वर्षभराने मी लाल पडदा आणला. लेक म्हणाली, “बाबांना आवडला नसता.” मी म्हटलं, “म्हणूनच इतके दिवस आणला नव्हता.”

मग पडद्याला एकटं वाटायला लागलं. त्याच्या सोबतीला जुन्या बाजारातून हिरवी मखमली खुर्ची आली. घर सोडून जाणाऱ्या शेजाऱ्यांनी आरसा दिला, दिवे दिले, वेलींच्या कुंड्या दिल्या. बघता बघता सहा खुर्च्या झाल्या, एकीचं दुसरीशी नातं नाही. गालिच्यावर गालिचा चढला, पुस्तकांचे ढीग जमिनीवरून वर वाढले. संध्याकाळी शिंपीकाका येतात, समोरची नर्स ड्यूटीवरून येते, कधी तिचा भाऊ येतो. जमिनीवरच्या उशांवर लोळत आम्ही वाद घालतो. नवरा असता तर कोपऱ्यात उभा राहिला असता, बसायला जागा शोधत.

“काकू, खरं सांगते,” आवरणारी म्हणाली, “ह्याला बोहेमियन लूक म्हणतात. लोक पैसे मोजून करून घेतात.”

“मी फुकटात केला.”

“पण त्या लूकमध्येसुद्धा सगळं आवरलेलं असतं.”

“मग त्यांचे पैसे वाया गेले.”

लेकीने तोंड फिरवलं. तिला हसू आलं होतं आणि ते मला दिसू द्यायचं नव्हतं, एवढं मला कळतं.

मी एका हाताने चहा करायला आत गेले, लेक मदतीला आली, तिथेच चुकलं. लेकीच्या हातात ट्रे, माझ्या हातात माझा कप, परत आलो तर खोलीत भलतंच चाललेलं. निळ्या उशा निळ्यांत, लाल लालांत, जसं कापडाचं दुकान. पुस्तकं उंचीप्रमाणे. आणि माझ्या सहाही खुर्च्या भिंतीला पाठ लावून एका रांगेत उभ्या.

“हे काय केलंस?”

“मधली जागा मोकळी झाली ना! किती मोठी वाटतेय बघा खोली.”

“अगं, हे दवाखान्याचं बाकडं झालं! भिंतीला पाठ लावून कोण बसतं? ज्यांचा रिपोर्ट यायचाय ते. खुर्च्यांची तोंडं एकमेकींकडे हवीत. नाहीतर माणसं बोलणार कशी? हात लावू नकोस. सोड ती उशी. सोड म्हणते ना!”

माझा आवाज जिन्यापर्यंत गेला असणार. आवरणारी बाई उशी छातीशी धरून थिजली.

“आई, ओरडू नकोस,” लेक म्हणाली. “आवर स्वतःला.”

मी चहाचा कप खाली ठेवला.

“हा शब्द मी किती ऐकलाय, सांगू तुला? लहानपणी मोठ्याने हसले की हसू आवर. लग्न झालं, जीभ आवर. तू झालीस, तुला कडेवर घेऊन नाचले, तर लोक बघतात, आवर. बाबा गेले तेव्हा दारात आलेली प्रत्येक बाई म्हणाली, आवरा स्वतःला. आवरलं. इतकं आवरलं की मला रडूच फुटेना. मग त्याच बायका म्हणाल्या, हिला काही वाटलेलं दिसत नाही. आता माझ्याकडे आवरण्याजोगी ही एक खोली उरलीये. ती मी आवरणार नाही.”

“मग काय, परत पडणार?” तिचाही आवाज चढला. “मी मीटिंगमध्ये होते आई, फोन बंद होता. शिंपीकाका फोन करतायत, करतायत, आणि तू इथे…” तिने पुढचं वाक्य गिळलं. अगदी बापासारखं.

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. मला तिची दयाही आली. पण तिचं खरं आहे म्हणून मी माझं घर सोडावं, हे काही माझ्या गळी उतरेना.

“पडणार नाही,” मी म्हणाले. “खोली आवरणार नाही, पण लावणार. इस्पितळात आम्ही ट्रे आवरत नव्हतो, लावत होतो. आवरायचं म्हणजे नजरेआड करायचं. लावायचं म्हणजे हात गेला की वस्तू हाताशी आली पाहिजे, आणि जिथे हात जाणार तिथे मध्ये काही आलं नाही पाहिजे. संध्याकाळपर्यंत वेळ दे. मग मी दारापासून खिडकीपर्यंत डोळे मिटून चालून दाखवते. कशाला धडकले तर उद्या तुझ्याकडे येते. बॅग तू भर.”

“आणि नाही धडकलीस तर?”

“तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. माझ्यापुढे नाही आणि शिंपीकाकांच्या कानातही नाही.”

तिने माझ्याकडे, मग खोलीकडे पाहिलं. खोलीकडे पाहून तिला आपण जिंकणार असं वाटलं असावं.

“चालेल,” ती म्हणाली आणि घड्याळ काढून बाह्या सरसावल्या.

मग आम्ही तिघी भिडलो. माझा एक हात निकामी, म्हणून तोंड दुप्पट चाललं. खोकी उलटी केली. आवरणाऱ्या बाईला मी म्हटलं, तुझ्या चिठ्ठ्या काढ आणि ताकद दाखव, तर ती पोरगी हमालासारखी निघाली. लाकडी पेट्या आडव्या करून एकावर एक रचल्या, पुस्तकं जमिनीवरून त्यांत गेली, उंचीला न जुमानता. दिव्यांच्या वायरी भिंतीच्या कडेने नेल्या. कुंड्या सगळ्या उजवीकडे, एकमेकींच्या अंगावर रेलून. खुर्च्या पुन्हा गोल बसल्या, फक्त तो गोल मी वाटेच्या डाव्या अंगाला सरकवला. न वाजणारे दोन रेडिओ आणि एक मेलेला वेल मीच बाहेर काढला. आता बरं वाटलं का, असं लेकीला विचारलंसुद्धा. वेताचा दिवा परत छताला गेला.

लहान गालिचे खुर्च्यांखाली दाबले, एका गालिच्याचा प्रश्न उरला. सगळ्यात मोठा, डाळिंबी रंगाचा, काठ उचकटलेला. हाच गुन्हेगार.

“भिंतीवर टांगला तर?” आवरणारी भीत भीत म्हणाली. “लाकडी पट्टी ठोकून?”

कल्पना चांगली होती आणि मला ती आवडली नाही. सकाळी उठून अनवाणी त्या गालिच्यावर उभं राहायचं, ही माझ्या दिवसाची सुरुवात होती. भिंतीवर गेला की तो बघायचा गालिचा होणार. मला फार वाईट वाटलं. पण पैज मीच लावली होती.

“टांगा,” मी म्हटलं.

खिळे माझ्या लेकीने ठोकले. आयुष्यात पहिल्यांदा. पहिला वाकला, दुसरा तिच्या अंगठ्यावर बसला. तिसऱ्याला तिने अशी शिवी दिली की मला ती तिला येते हे माहीतच नव्हतं. गालिचा चढला आणि ती दोन पावलं मागे सरून बघत राहिली, अंगठा तोंडात घालून.

जमिनीवरच्या उशा राहिल्या. आवरणारीने त्या नेहमीच्या जागी टाकल्या आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “दोन ट्रंका आणा आणि उशा त्यांच्यावर टाका. खाली बसलं की मला आता कोणाचा हात धरल्याशिवाय उठता येत नाही.” हे बोलताना माझे कान गरम झाले. लेक सरळ ट्रंक ओढायला गेली. त्याबद्दल तिला मनातल्या मनात शंभर गुण दिले.

दिवेलागणीला सगळे दिवे लावले. खोली अजूनही भरलेली होती. लाल पडदा लालच होता, आरशात वेली होत्या. फक्त दारापासून खिडकीपर्यंत एक वाट निघाली होती, थोडी वळणाची, कारण हिरव्या खुर्चीला मी हलू दिलं नव्हतं.

“वाट सरळ नको का?” आवरणारीने विचारलं.

“सरळ चालून खूप झालं,” मी म्हणाले. तिने मोजपट्टी गुंडाळली, पर्स घेतली आणि दारात थांबली. निकाल ऐकल्याशिवाय तिचाही पाय निघेना.

मी दाराशी उभी राहिले, चपला काढल्या, डोळे मिटले.

पहिली दोन पावलं मी फरशी चाचपत टाकली. खरं सांगायचं तर मी घाबरले होते. धडकले असते तर उद्या सकाळी पांढऱ्या पायपुसण्यावर पाय पुसत असते. मग उजवीकडून ओल्या मातीचा वास आला, कुंड्या. डाव्या गालाला दिव्याची ऊब लागली, म्हणजे दिव्याजवळची हिरवी खुर्ची, इथे वळायचं. वळले. पायाखाली नुसती गार फरशी. मागे कसलीशी बारीक चाहूल होती, लक्ष दिलं नाही. चालत राहिले, आणि बोटांना काच लागली.

डोळे उघडले. बाहेर अंधार झाला होता आणि खिडकीच्या काचेत सगळी खोली दिसत होती. मी दिसत होते, आणि माझ्या मागे, अगदी हातभर अंतरावर, माझी लेक. कमरेत वाकलेली, दोन्ही हात माझ्या दोन्ही बाजूंना पसरलेले, मला न लागता. चालायला शिकणाऱ्या पोरामागे चालतात तशी ती अख्खी वाट माझ्यामागून आली होती. काचेत आपण दिसतोय हे तिच्या लक्षात आलं आणि तिने झटकन हात खाली घेतले.

मी काचेवरून बोटं काढली.

“जिंकलीस,” ती म्हणाली. “कशालाच नाही लागलीस.”

“ही खेप जमेस धरायची नाही, तू मागे होतीस,” मी म्हणाले. “आता परत दारापर्यंत जाते. तू बस.”

“कशाला आई? झालं की.”

“बस म्हणते ना.”

ती हिरव्या खुर्चीत बसली, टोकावर, दोन्ही हात मांड्यांखाली घट्ट दाबून. मी डोळे मिटले आणि निघाले.