इंचाला एक सूत

मी ट्रॅक्टर बोलतोय. हसू नका. लांबी नऊ इंच असली म्हणून काय झालं? मला दोन पितळी चाकं आहेत, चाकांना दाते आहेत, मागे धरायला दोन लांब दांडे आहेत, आणि ढकललं की माझं फ्लायव्हील गरगर फिरतं. पेट्रोल तेवढं पीत नाही. त्याचं मला दुःख नाही. फार घाण वास येतो म्हणतात.

माझं वय चार महिने. ज्याच्यावरून मी घडलो तो थोरला मात्र तेहतीस वर्षांचा होता. परळच्या एका गिरणीच्या मॅनेजरसाहेबाच्या बंगल्यात तो राहायचा. सत्तावीस साली बोटीतून आला. बसायला जागा नाही. माणसानं दांडे धरून मागून चालायचं आणि यानं पुढे माती उकरत जायचं. त्याच्यामागे चालले ते एकटे भिवा माळी. तो बिघडला की गिरणीच्या मेकॅनिक खात्यात यायचा आणि गणपत परब नावाचे फिटर त्याला बरं करून पाठवायचे.

या गणपतरावांच्या लालबागच्या खोलीत माझा जन्म झाला, आणि झाला तो भांडणातून.

त्यांची लेक शेवंती इंटर सायन्स पास झालेली. तिला भायखळ्याच्या टेक्निकल शाळेत ड्राफ्ट्समनच्या वर्गाला जायचं होतं. फॉर्मवर पालकाची सही हवी, आणि पालक सही करेनात.

"मास्तरीण हो," गणपतराव म्हणाले. "यंत्रांचे नकाशे काढूक पोरी कित्याक होयेत?"

"बाबा, चार वर्षं संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात माझ्या घोषणा चालल्या. मग वर्गात माझी पेन्सिल का चालत नाही?"

"मोर्च्यात हजारभर बायका होत्यो. थंय तू एकटी."

"कुणीतरी पहिलं एकटंच जातं."

तिची आई, रखमाबाई, भाकरी थापताथापता म्हणाली, "एकाच मुशीतली डोकी दोन. मी मेली मधे भाजतंय."

गणपतरावांचा खरा राग पोरीवर नव्हता, कागदावर होता. पंचवीस वर्षं साहेबाच्या ऑफिसातून आलेल्या नकाशांवरून त्यांनी भाग घडवले होते, आणि ते जुळत नाहीत म्हणून शिव्याही त्यांनीच खाल्ल्या होत्या. म्हणून त्यांनी अट घातली. बंगल्याच्या बागेवर आता इमारत होणार होती, थोरला भंगारात निघाला होता. शेवंतीनं त्याची मापं घेऊन नकाशा काढायचा. गणपतराव त्यावरून त्याची लहान प्रतिकृती करणार.

"कागदात असात ताच कापीन. चुकला तर कानशीन सांभाळून घेवचंय नाय. सगळे भाग जुळले तर सही. नाय तर मास्तरीण."

"कबूल," शेवंती म्हणाली. विचार करायला तिला कधीच फार वेळ लागत नाही.

प्रमाण ठरलं इंचाला एक सूत. कारखान्यातली माणसं इंचाचे आठ भाग करतात आणि एका भागाला सूत म्हणतात. थोरल्याचा जो इंच, तो माझा सूत. म्हणजे मी त्याच्या बरोब्बर आठव्या हिश्शाचा.

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी ती बंगल्यावर पोचली. भंगारवाल्याची माणसं आधीच आलेली. त्यांनी थोरल्याचं इंजिन सोडवून गवतावर ठेवलं होतं, आणि दुपारी बारा वाजता हातगाडी येणार होती. शेवंतीनं पदर खोचला. पट्टी, कॅलिपर, वही. चाकांची मापं, दांड्यांची मापं, इंजिनाची रुंदी, इंजिन ज्या दोन पट्ट्यांच्या मधे बसतं त्यांच्यातलं अंतर, सगळं तिनं टिपलं. भिवा माळी शेजारी उभे होते.

"बाय, जरा ऐक. ह्या पट्ट्यांचं असं आहे..."

"काका, आत्ता नको. बारा वाजतील."

"अगं पण रंगाचं..."

"रंग मी पाहिलाय काका. हिरवा."

भिवाकाका बाजूला सरकले. हातगाडी आली, थोरला गेला. वहीत चाळीस पानं भरली होती, आणि एका माणसाचं एक वाक्य अर्धं राहिलं होतं.

मग तीन महिने मी घडत होतो. गणपतराव पाळी संपवून आले की चहा घेऊन गॅलरीत बसायचे. घासलेटच्या डब्याचा पत्रा माझं अंग झाला, सायकलची तार माझा आस झाली, गजराच्या मोडक्या घड्याळातली चक्रं माझ्या पोटात गेली. कानशीचा आवाज ऐकून शेजारी विचारायचे, "परबानू, लेकीच्या हुंड्याचा सामान काय?" गणपतराव मान वर न करता म्हणायचे, "सामान नाय. पैज."

मला त्यांचा हात फार आवडायचा. एकदा कापलेलं परत कापावं लागत नसे. पण मनात मी पोरीच्या बाजूनं होतो. जुन्या माणसाच्या रूपात जन्मलो म्हणून काय झालं, अखेर मी तिच्याच पिढीचा!

एप्रिलच्या मध्याला इंजिन तयार झालं. गणपतरावांनी ते अलगद उचललं आणि माझ्या पट्ट्यांच्या मधे सोडलं.

बसेना.

तिरकं करून पाहिलं, पुढून पाहिलं. केसभर नव्हे, चांगलं पाव सूत रुंद. शेवंतीनं वही काढली, इंजिन मोजलं, पट्ट्या मोजल्या. दोन्ही कागदाप्रमाणे बरोबर. कागदाप्रमाणे बरोबर, आणि तरी बसत नाही!

"तुम्ही पट्ट्या वाकवल्यात."

"गुन्या लाव आणि बघ."

तिनं काटकोन तपासायचा तो गुन्या लावला. पट्ट्या सरळ होत्या. गणपतरावांनी कानस पुसून खोक्यात ठेवली. खरं तर दोन घासात त्यांनी ते इंजिन बसवलं असतं. हात शिवशिवत होते, मी पाहिलंय. पण शब्द म्हणजे शब्द.

"कागद चुकलो," ते म्हणाले.

थोरला तोवर कुठल्या भट्टीत वितळला होता कोण जाणे. पुन्हा मोजायला काही उरलं नव्हतं. फॉर्मची मुदत पाच मेपर्यंत. शेवंती गॅलरीच्या कठड्याला धरून उभी राहिली, रडली नाही, पण कठड्याची खैर नव्हती.

रखमाबाई आतून म्हणाली, "ज्येणा तो तेत्तीस वर्सा हाकलो, तेका इचारलंस काय?"

दुसऱ्या दिवशी मी कापडी पिशवीत बसून नायगावला गेलो. बीडीडी चाळीत भिवाकाकांची खोली, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली बुद्धाची छोटी मूर्ती. काकांनी मला मांडीवर घेतलं आणि डोळे मिटून बोटं फिरवली. मला गुदगुल्या झाल्या.

"हुबेहूब," ते म्हणाले. "पण हा म्हातारा आहे. तरुणपणी एवढा जाडा नव्हता."

"म्हणजे?"

"अगं, ह्याच्या अंगावर माझे दसरे आहेत."

आणि मग ते अर्धं वाक्य पुरं झालं. गिरणीत दसऱ्याला यंत्रांची पूजा व्हायची. त्याआधी सगळ्या यंत्रांना नवा रंग. जुना खरवडायचा म्हणजे दोन दिवस जातात, म्हणून त्याच्यावरच नवा. भिवाकाकांनी थोरल्याला वर्षानुवर्षं असाच रंगवला. इंजिन मात्र खालून तेलानं माखलेलं. तिथे रंग धरायचाच नाही. इंजिन जिथे बसायचं तिथे ब्रश पोचायचा नाही. शेवंतीनं इंजिन मोजलं नुसत्या लोखंडाचं. पट्ट्यांमधलं अंतर मात्र घेतलं पुढच्या टोकाला, जिथे कॅलिपर सहज जात होता. तिथे तिनं लोखंड मोजलंच नव्हतं. दसरे मोजले होते.

"तेच सांगत होतो तुला," काका म्हणाले. "म्हटलं, पोर घाईत आहे. मोर्च्यातल्या पोरी अशाच."

शेवंतीचे कान लाल झाले. "पण काका, रंग किती जाड होता ते आता कसं कळणार?"

काकांनी पेटीतून एक पत्र्याचं झाकण काढलं. थोरल्याच्या हत्यारांच्या डब्याचं. "आठवण म्हणून ठेवलं. साहेबाला विचारूनच हां."

शेवंतीनं कडेला ब्लेडनं चीर दिली. हिरवा, करडा, निळा, पुन्हा हिरवा. गिरणीत त्या वर्षी जो रंग उरला तो. तिनं सुईच्या टोकानं थर मोजले. एकोणतीस.

"चार कमी आहेत. सत्तावीसपासून एकोणसाठपर्यंत तेहतीस दसरे होतात."

काका हसले. "छप्पनच्या दसऱ्याला मी नागपुरात होतो, बाय. दीक्षा घेतली. त्यानंतर पूजेचा रंग मी लावला नाही, आणि माझ्याशिवाय त्याला कोण हात लावणार?"

शेवंतीनं वर फोटोकडे पाहिलं, मग खाली झाकणाकडे. थरांची जाडी भरली एक सूत. दोन बाजूंचे दोन. आठव्या हिश्शात पाव सूत. बरोब्बर माझ्या इंजिनाला हवं होतं तेवढं.

काकांना घेऊनच ती लालबागला आली. गणपतरावांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "ता खरा. पण कागद चुकलो तो चुकलो."

"गणपत," भिवाकाका म्हणाले, "खात्यातल्या यंत्रांना दर दसऱ्याला रंग कोण लावतो?"

"आम्हीच."

"खरवडता?"

गणपतरावांनी डोकं खाजवलं.

"मग तुला तरी सुचलं का? ही पोर निदान विचारायला आली. तुझे ते ऑफिसातले साहेब कधी आले होते?"

फिटर गणपत परबांनी खिशात हात घातला. त्यांनी चष्मा लावला. "नवो कागद दी. ह्या डावाक शेवटचा."

नव्या कागदावर तिनं एकच माप बदललं. गणपतरावांनी माझ्या पट्ट्या सोडवल्या, आडवे तुकडे नव्यानं कापले, पुन्हा झाळून जोडले. एक मेचा रविवार उजाडला. चाळीत सकाळपासून साखर वाटत होते, कठड्याला तोरणं लागली होती. महाराष्ट्र झाला होता आणि आमच्या गॅलरीत चार माणसं श्वास रोखून बसली होती. गणपतरावांनी इंजिन सोडलं. टक्. ते बसलं. नेमक्या त्याच वेळी खाली चौकात फटाक्यांची माळ लागली. मला वाटलं, माझ्याचसाठी.

गणपतरावांनी फडक्यानं हात पुसले. त्यांनी फॉर्म मागितला, मांडीवर पाट घेतला आणि सही केली. मग म्हणाले, "फाऊंटनपेन बरा हा तुझा," आणि डोळे पुसायला आत गेले.

नकाशाच्या कोपऱ्यात दोन चौकोन असतात: काढणार आणि तपासणार. पहिल्यात शेवंतीनं आपलं नाव लिहिलं. दुसरा तिनं भिवाकाकांपुढे धरला, आणि सोबत शाईचं पॅड.

"हे कशाला?"

"अंगठ्याला, काका."

"अगं ए कॉलेजवाली! रात्रीच्या शाळेत चार वर्षं काय मी झोपा काढल्या?" त्यांनी तिच्या हातातून पेन ओढून घेतलं आणि ठसठशीत लिहिलं: भिवा राघू मोहिते. खाली तारीखही घातली.

शेवंतीनं जीभ चावली. आत रखमाबाई इतकी हसली की तिची साखर सांडली.

भायखळ्याच्या शाळेतल्या मास्तरांनी नकाशा पाहिला, मला टेबलावर पुढेमागे ढकललं. "तपासणार मोहिते. हे कोण? इंजिनिअर आहेत?"

"तेहतीस वर्षं याच्यामागे चाललेत, सर," शेवंती म्हणाली. "त्यांनी पहिली चूक धरली, म्हणून हा दुसरा कागद."

मास्तरांनी पहिला कागदही मागून घेतला. दोन्ही शेजारी ठेवून बदललेल्या मापावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "जूनमध्ये या. बसायला बाक वेगळा मिळणार नाही."

"मागितलाय कुणी?" ती म्हणाली. सुधारणा एवढ्यात होणार नव्हतीच.

सध्या मी नायगावला असतो. कागद तिचा, वस्तू काकांची, असा निकाल शेवंतीनं दिला. गणपतराव दोन दिवस रुसले होते, आता दर रविवारी तेल द्यायला येतात आणि दोघं म्हातारे मला मधे ठेवून वाद घालतात. चाळीतली पोरं मला ढकलतात, आपटतात, पुन्हा सरळ करतात. एका दांड्याला पोचा आलाय. चालायचंच.

तुम्हाला सांगायचंय ते थोडंच आहे. तरुण मंडळींनो, मोजा जरूर, पण जो त्या वस्तूसोबत जगलाय त्याचं वाक्य पुरं होऊ द्या. बारा काही लगेच वाजत नाहीत. आणि थोरामोठ्यांनो, तुम्हीही पोरीला पैजा घालत बसू नका. तिच्या हातात पट्टी द्या आणि फॉर्मवर सही करा.

बरं, निघतो. गॅलरीच्या टोकाला पोरं माझी वाट बघतायत.