डावी बाजू

"काका, माणूस."

अंजली ओरडली नाही. शेजारच्याला वेळ सांगावी तसं म्हणाली. कोंडीरामने ब्रेक दाबला तेव्हा पाण्याचे जार लावलेली सायकल ढकलत एक माणूस डाव्या अंगाने पार बसच्या तोंडाशी आला होता. मागे पेंगत बसलेल्या बाया-पोरी पुढच्या सीटवर आदळल्या. कुणीतरी शिवी हासडली. सायकलवाल्याने बसच्या पत्र्याला हात लावून पाहिला आणि रस्ता ओलांडून गेला.

मोशीच्या पुढचा रस्ता होता आणि ऊन समोरून येत होतं. गेले काही महिने असं उतरतं ऊन आलं की कोंडीरामला काचेवर दूध सांडल्यासारखं दिसे. त्या दुधात पुढची गाडी, दुभाजक, सिग्नल हळूहळू उमटत. पण हा माणूस उमटलाच नव्हता. तो नव्हताच, आणि मग एकदम होता.

डांगे चौकात सगळ्या उतरल्या तरी अंजली बसून राहिली. ती हिंगोलीकडची. चाकणला वायरिंग बनवणाऱ्या कंपनीत लाइनवर होती आणि थेरगावात मैत्रिणींबरोबर खोली करून राहत होती.

"काका, डोळे दाखवले का कुणाला?"

"ऊन होतं गं समोर."

"काल ढग होते. काल बी मीच सांगितलं तुम्हाला, त्या रिक्षाचं."

कोंडीराम फडक्याने समोरची काच पुसू लागला.

"मी कुणाला सांगणार न्हाई," अंजली म्हणाली. "पण मला भ्याव वाटायलंय तुमच्या गाडीत. दिवसभर उभं राहून जीव जातो, गाडीत डोळा लागावा वाटतं. आता झोपत न्हाई मी. रस्ता बघत बसते."

ती उतरून गेली. कोंडीरामने उभ्या आयुष्यात कुठे गाडी मारली नव्हती. आधी टेम्पो, मग कंपनीचा ट्रक, आता ही कामगारांची बस. शिव्या, दंड, संप, सगळं पाहिलं होतं. पण तुमच्या गाडीत भीती वाटते असं त्याला कुणी म्हटलं नव्हतं.

घरी चतुराबाईने चहा पुढे ठेवला. कप उचलण्याआधी त्याने बोटांनी त्याची कड चाचपली. तिने ते पाहिलं.

"संगर्षला सांगितलंय मी," ती म्हणाली. "परवा सुट्टी घेतोय तो. डोळ्याच्या दवाखान्यात जायचं."

"पोराला तू कशाला सांगितलंस?"

"मग कुणी सांगायचं? तुमी तर सांगनार न्हाई."

तो चिडला नाही. त्याच्या आईचा, भिमाबाईचा मोतीबिंदू गावाकडे शाळेत भरलेल्या शिबिरात काढला होता. सगळ्यांना ओळीने झोपवलं होतं, ओळीने हिरव्या पट्ट्या बांधल्या होत्या. इतर बायांच्या पट्ट्या सुटल्या आणि त्या हसत घरी गेल्या. भिमाबाईच्या डोळ्यातून पाणी यायला लागलं, मग पू आला, आणि तालुक्याला नेईपर्यंत डोळा गेला होता. पुढे ती हयातभर एका डोळ्याने बघायची. कुणी हाक मारली की नुसती मान नाही, सगळं अंग वळवायची. मोतीबिंदू म्हटलं की कोंडीरामला ते अंग वळवणं आठवायचं. म्हणून तर त्याने एवढे महिने काढले.

खाजगी दवाखाना चकाचक होता. आधी यंत्रांवर डोळे तपासले, थेंब घातले, आणि डॉक्टर शस्त्रक्रियेत आहेत, तोवर माहिती घ्या म्हणून एका मुलीच्या टेबलाशी बसवलं. तिने प्लॅस्टिकचा मोठा डोळा उघडून दाखवला.

"मोतीबिंदू म्हणजे आपल्याच डोळ्यातलं भिंग गढूळ होतं, बाबा. ते काढून नवीन लेन्स बसवायची. टाका नाही, इंजेक्शन नाही, त्याच दिवशी घरी. आता लेन्स कोणती घ्यायची ते तुम्ही ठरवायचं."

साधी भारतीय लेन्स तिसेक हजारांत. परदेशी साठाच्या आसपास. आणि जवळचं, लांबचं दोन्ही दाखवणारी, चष्मा जवळजवळ सोडवणारी लेन्स एका डोळ्याला लाखाच्या वर. संघर्षने मोबाइलवर आपल्या कंपनीचा विमा काढून पाहिला. आईवडील त्यात होते, पण मोतीबिंदूला मर्यादा होती. साध्या लेन्सपुरते पैसे मिळाले असते. वरचे आपले.

"महागातली घ्या," संघर्ष म्हणाला. हिंजवडीला माणच्या बाजूला एका आयटी कंपनीत तो सपोर्टला होता. "दोन्ही डोळ्यांना."

"बाबा काय करतात?" मुलीने विचारलं.

"घरीच असतो," कोंडीराम घाईने म्हणाला.

संघर्षने वडिलांकडे पाहिलं. मुलगी लिहून घेत होती. ड्रायव्हर म्हटलं तर कुठेतरी नोंद होईल, ती कुठेतरी पोचेल, आणि लायसन जाईल, हे कोंडीरामच्या मनात इतकं घट्ट बसलं होतं की खोटं आपोआप बाहेर आलं.

बाहेर येऊन संघर्ष म्हणाला, "पप्पा, खोटं का बोललात?"

"महागातली का म्हणालास?"

"आजीचं फुकटातलं होतं."

डॉक्टरांना न भेटताच ते निघाले होते. कोंडीरामला तिथे आणखी थांबवेना.

पुढचे दोन दिवस त्याने गाडी चालवली. डावीकडून कुणी येतंय असं उगाच वाटायचं आणि तो बस हळू करायचा, मागच्या गाड्या हॉर्न वाजवायच्या. अंजली पुढेच बसायची. तिचा श्वास थांबलेला त्याला कळायचा. दुसऱ्या दिवशी त्याने बस लावली आणि कुणाला न सांगता रिक्षा करून एका ट्रस्टच्या डोळ्यांच्या रुग्णालयात गेला. चाळीतल्या एका म्हातारीचं तिथे नीट झालं होतं, एवढंच त्याला माहीत होतं.

तिथे गर्दी होती. बाकावर पट्टी बांधलेली माणसं बसली होती आणि त्यांच्याकडे बघवत नव्हतं. त्याचा नंबर आला तेव्हा डॉक्टर जयमाला यांनी आधी डोळ्यांत उजेड टाकून बराच वेळ पाहिलं. मग खुर्ची मागे घेतली.

"काम काय करता?"

"घरीच."

"लेन्स निवडायची तर मला खरं कळायला हवं. शिवणकाम करणाऱ्याला वेगळी लागते, शेतात जाणाऱ्याला वेगळी. तुम्ही दिवसभर बघता काय?"

कोंडीरामने खाली पाहिलं. "रस्ता बघतो, बाई. बस चालवतो. कामगारांची."

डॉक्टर रागावल्या नाहीत. "बरं झालं सांगितलंत. आणखी कुठे दाखवलं होतं?"

त्याने सगळं सांगितलं. ती लाखाची लेन्स, संघर्षचा हट्ट, भिमाबाईचा डोळा. त्या ऐकत राहिल्या.

"आईचं झालं ते डोळ्यात जंतू गेल्यामुळे," त्या म्हणाल्या. "तेव्हा एकेका दिवसात शाळेच्या वर्गात ढिगाने शस्त्रक्रिया व्हायच्या. आता तसं करत नाहीत. धोका फार कमी झालाय. अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. तो फुकट किंवा महाग यावर नसतो, शस्त्रक्रियेच्या खोलीच्या स्वच्छतेवर असतो, आणि नंतर घरी तुम्ही थेंब कसे घालता यावर. आमच्याकडे केशरी रेशन कार्ड असेल तर फुकट होईल. नसेल तर थोड्या हजारांत घडीची, म्हणजे दुमडून बारीक छेदातून बसवायची लेन्स मिळेल. ती एकाच अंतराचं दाखवते. लांबचं स्वच्छ दिसेल, वाचायला चष्मा लागेल."

"आणि ती महागडी?"

"ती वाईट नाही. पण तिच्यात काहींना अंधारात समोरच्या दिव्यांभोवती वर्तुळं दिसतात. गाडी चालवणाऱ्याला मी ती देत नाही."

कोंडीरामचा जीव एकदम हलका झाला. म्हणजे साध्यातलीच बरी होती. म्हणजे संघर्षचे पैसे वाचले, गाडीही राहिली. तो उठायला लागला तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, "बसा. डाव्या डोळ्याची आणखी एक तपासणी करायची आहे. मोतीबिंदू तुमचा उजव्यात पिकलाय. डाव्यात मला दुसरंच काहीतरी दिसतंय."

अंधाऱ्या खोलीत एका पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात हनुवटी टेकवून त्याला बसवलं. हातात बटण दिलं. "मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं, बाबा. कुठेही उजेड चमकला की बटण दाबायचं," तंत्रज्ञ म्हणाला.

एक उजेड चमकला, त्याने दाबलं. आणखी एक, दाबलं. मग बराच वेळ काहीच नाही. यंत्राचा बारीक आवाज मात्र चालू होता. त्याला वाटलं, बिघडलं.

"बाबा, दिसलं की दाबा."

"दिसलं तर दाबीन ना."

तंत्रज्ञ गप्प झाला. यंत्राच्या आवाजासरशी कुठेतरी उजेड चमकत असणार आणि आपल्याला दिसत नाही, हे त्याला तेव्हा कळलं. तो नुसता अंदाजाने बटण दाबू लागला. तंत्रज्ञाने हळूच त्याच्या हातावर हात ठेवला. "असं नको, बाबा. खरं तेच."

डॉक्टरांनी त्याच्यापुढे कागद ठेवला. पांढऱ्यावर मोठा काळा डाग होता. मध्ये थोडी जागा उजळ होती.

"याला काचबिंदू म्हणतात," त्या म्हणाल्या. "डोळ्यातला दाब वाढतो आणि आतली नस सुकते. दुखत नाही, म्हणून कळत नाही. डाव्या डोळ्याचं मधलं राहिलंय, कडेचं गेलंय. उजव्यातही सुरुवात असावी, मोतीबिंदू निघाला की नीट कळेल. थेंब रोज घालायचे, कायमचे. राहिलंय ते त्याने टिकेल."

"आणि गेलेलं?"

"मोतीबिंदूने झाकलेलं परत दिसतं. काचबिंदूने गेलेलं परत येत नाही."

कोंडीरामने कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. "मग गाडी?"

"उजव्याची शस्त्रक्रिया होईल, तुम्हाला समोरचं छान दिसेल. त्याचीच मला काळजी वाटते. समोरचं दिसतंय म्हणून तुम्हाला वाटेल, सगळं दिसतंय." त्यांनी पेन उचललं. "बस चालवू नका, बाबा. मी लिहून देते, पण तुमच्या मागे बघायला मी येणार नाही."

बाहेरच्या बाकावर तो बराच वेळ बसला. सायकलवाला डोळ्यांपुढे येत होता. चूक उन्हाची नव्हती, त्या दुधाचीही नव्हती. तो माणूस त्या काळ्या डागात होता. आणि त्याआधी किती जण त्या डागातून सुखरूप निघून गेले असतील, याचा विचार मनात आला तसं त्याला बाकाची कड धरून बसावं लागलं.

संध्याकाळच्या खेपेला त्याने बसमालक मालोजींना फोन करून दुसरी गाडी, दुसरा ड्रायव्हर पाठवायला सांगितलं. सकाळी तो पीएमपीच्या बसने चाकणला त्यांच्या ऑफिसात गेला. मालोजींच्या चाळीसेक गाड्या कंपन्यांना लागलेल्या होत्या. त्यांनी कागदाकडे नीट पाहिलंही नाही.

"ऑपरेशन करून घ्या, कोंडीराम. महिनाभर आराम करा, या परत. लायसन अजून आहे ना? माझ्याकडं तुमच्यासारखा माणूस न्हाई राव. पोरं मोबाइल बघत गाडी चालवत्यात."

"डाव्या बाजूचं दिसत नाही, मालोजीराव."

"आरसा हाय की. कुणाला कळतंय?"

क्षणभर कोंडीरामला ते पटलंसुद्धा. आरसा मोठा लावता येईल. मान जरा जास्त फिरवायची. आणि मान फिरवायची म्हटल्याबरोबर त्याला भिमाबाई दिसली, सगळं अंग वळवून बघणारी. त्याने चावी टेबलावर ठेवली.

"चार-पाच दिवसांपूर्वी मोशीला एक माणूस वाचला," तो म्हणाला. "मी नाही वाचवला त्याला. गाडीतल्या पोरीने वाचवला."

मालोजींनी चहा मागवला.

घरी संघर्षला सगळं सांगितलं तेव्हा तो ऐकता ऐकता उठून गॅलरीत गेला. थोड्या वेळाने परत आला. "मी तिथेच ते महागडं करून टाकलं असतं," तो म्हणाला. "आणि तुम्हाला परत गाडीवर बसवलं असतं."

"तुला काय माहीत होतं?"

"तुम्ही खरं बोलला नसता तर."

"बोललो ना." कोंडीरामने त्याला जवळ बसवलं. चतुराबाई म्हणाली, "आदी जेवा दोगं बी."

शस्त्रक्रिया ट्रस्टच्या रुग्णालयातच झाली. आत नेताना कोंडीराम दाराशी थांबला. त्याने डॉक्टरांना विचारलं, आधीच्या माणसाची हत्यारं मला वापरत नाही ना. त्या म्हणाल्या, प्रत्येकाची वेगळी, निर्जंतुक केलेली, आणि पुडकं त्याच्यासमोर फोडून दाखवलं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. भिंतीवरचं कॅलेंडर, नर्सच्या खिशाला अडकवलेलं पेन, खिडकीबाहेरची तार, सगळं धारदार दिसलं. पहिला आठवडा तो दर सकाळी डोळ्याला पू तर नाही ना, हे चतुराबाईला तपासायला लावी. ती हात धुऊन थेंब घालायची आणि म्हणायची, "न्हाई. सोच्छ हाय." डावीकडून ती आली की तो अजूनही दचकायचा.

महिन्यानंतर मालोजींनी बोलावलं. गाड्या सुटताना टायर-पाणी बघायचं, नव्या ड्रायव्हरांना रस्ते दाखवायचे, पगार आधीपेक्षा कमी. कोंडीराम हो म्हणाला. त्याच्या गाडीवर आता सिद्धेश नावाचा मुलगा होता. पहिल्या दिवशी कोंडीराम त्याच्या शेजारच्या सीटवर बसला. भोसरीनंतर कुठल्या लेनला राहायचं, मोशीच्या चौकात कधी थांबायचं ते सांगत होता. सिद्धेश "हो काका" म्हणत शांतपणे चालवत होता. हात चांगला होता त्याचा.

नदीच्या पुलापाशी पुढच्या टेम्पोने अचानक वेग कमी केला. सिद्धेशने वेळेत ब्रेक दाबला, बस हलकेच थांबली. मागे कुणाची झोपही मोडली नाही. कोंडीरामने खाली पाहिलं. त्याचा उजवा पाय पुढे सरकून जमिनीच्या पत्र्यावर जोरात दाबलेला होता. त्याने तो सावकाश मागे घेतला आणि सिद्धेशला दिसणार नाही असा सीटखाली ठेवला.