चिनूचं वय

'सून माझी चांदण्याची' सुरू झाली तेव्हा माझी भाची अबोली सात वर्षांची होती आणि त्या मालिकेत ती करत असलेली चिनूही सात वर्षांची. आता अबोली दहाची आहे आणि चिनू अजून दुसरीत. तिथे एक साखरपुडा दीड महिना चालतो. अबोलीची हाडं मात्र पटकथेबाहेर वाढत होती.

मालिका घसरली होती, हे आमच्या वाकोल्याच्या बिल्डिंगीत सगळ्यांना माहीत होतं. शेजारच्या माधुरीकाकू जिन्यातच सुरू व्हायच्या. "पहिलं वर्ष काय झकास होतं गं! आता वाट लावलीय नुसती. सासूची स्मृती तिसऱ्यांदा गेली? मी फक्त आपल्या अबोलीसाठी बघते हं."

चॅनेलच्या प्रितमलाही ते ठाऊक होतं. तो माझ्या बहिणीला, जयाताईला, म्हणाला, "ताई, बेबीचा चेहरा भरलाय. उंचीपण वाढलीय. जरा कंट्रोल करा ना, नाहीतर लीप घ्यावा लागेल." लीप म्हणजे कथा एकदम पंधरा वर्षं पुढे जाते. चिनूच्या जागी कॉलेजात जाणारी मुलगी येते आणि लहान चिनूचं काम संपतं.

त्या दिवसापासून घरात अबोलीचं दूध, अंडं आणि भात बंद झाला. नाश्त्याला पपई, रात्री सूप.

मी बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी केलंय. मुलाखती देत होते, म्हणून अंधेरीच्या सेटवर अबोलीचा अभ्यास घ्यायचं काम माझ्याकडे होतं. मी ताईला उंची-वजनाचा तक्ता दाखवला.

"तिचं वजन उंचीच्या मानाने आधीच कमी आहे. ही जाडी नाही, वाढ आहे."

"मग वाढ थांबव."

"अशी थांबत नाही ती. उपाशी ठेवलंस तर बिघडते फक्त."

"नमे, तू आधी नोकरी बघ यार. मला लेक्चर नको."

ताईने दातांच्या दवाखान्यातली नोकरी सेटसाठी सोडली होती. बाजारात कोळणी तिला 'चिनूची आई' म्हणून हाक मारायच्या, पापलेट बाजूला काढून ठेवायच्या आणि सून घर सोडणार का ते विचारायच्या. तेवढ्यासाठी ती रोज इस्त्रीची साडी नेसून बाजारात जायची.

पण ताईपेक्षाही अबोलीपुढे माझं काही चालेना. मेकअप रूममध्ये मी तिला लपवून उकडलेलं अंडं दिलं. तिने बलक काढून टिश्यूत गुंडाळला.

"खा गं, कुणी बघत नाहीये."

"मावशी, चिनूचा पिवळा फ्रॉक बसला नाही तर ते दुसरी मुलगी आणतील. ऑफिसमध्ये फोटो बघून ठेवलेत त्यांनी, मला माहितीय."

एकदा अपूर्णांकांची बेरीज करताना तिने डोकं वहीवर टेकलं. झोप लागली असं मला वाटलं. तिचा हात धरला तर गार होता. लिंबूपाणी पाजल्यावर ती उठली आणि साखर किती होती ते विचारू लागली. मी तडक प्रितमकडे गेले.

"ती दहा वर्षांची आहे आणि उपाशी आहे. घ्या तुमचा लीप, सोडा तिला."

तो चहा ढवळायचा थांबला. मला वाटलं, ऐकतोय.

"म्हणजे मूल असं वाळत जातं, असा काही आजार असतो का? तुम्ही सायन्सच्या ना?"

"असतात, पण..."

माझा 'पण' तिथेच राहिला. तो लेखकाला फोन लावत होता.

पुढच्याच आठवड्यात चिनूला नाव नसलेला आजार झाला. लीप रद्द झाला आणि टीआरपी वर आला. माधुरीकाकू पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "आता कुठे बघण्यासारखी झाली मालिका." ताईने पेढे आणले आणि पहिला माझ्या तोंडात कोंबला. "तूच वाचवलंस बघ तिचं काम!" अबोलीला अर्थात पेढा मिळाला नाही. करार वाढला होता आणि आता तिने आहे त्याहून बारीक दिसायचं होतं.

काल हॉस्पिटलचा सीन होता. आईचं काम करणारी सपना चमच्याने वरण-भात भरवते आणि चिनू तोंड फिरवते. क्लोजअपमध्ये वाफ दिसायला हवी, म्हणून भात खरा होता, वर तूप.

पहिल्या टेकला अबोलीने तोंड उघडून घास घेतला.

"कट!" दिग्दर्शक म्हणाला. "चिनू बेटा, नको म्हणायचंय ना?"

"सॉरी सर."

दुसऱ्या टेकलाही तिने खाल्लं, आणि तिसऱ्यालाही. तिला रडू येत होतं. चमचा जवळ आला की ओठ आपोआप उघडत होते. लाइटवाले हसायला लागले. प्रितम ओरडला, "अरे, वाटी रिकामी करा! चमचा नुसताच न्या."

सेटवरच्या माणसाने वाटी उचलली. मॉनिटरमागून ताई पुढे आली आणि तिने ती त्याच्या हातातून घेतली. हॉस्पिटलच्या पलंगावर बसून तिने घास कालवला.

"आ कर."

अबोलीने आधी प्रितमकडे बघितलं.

"त्याच्याकडे काय बघतेस? आ कर."

सगळं युनिट उभं होतं. प्रितम दोनदा "ताई, शिफ्ट संपतेय" म्हणाला. ताईने मान वर केली नाही. वाटी संपली तशी तिने आणखी भात मागवला. अबोली न चावताच गिळत होती. शेवटी तिने खरोखरच तोंड फिरवलं. "नको आई, बास."

"घ्या आता टेक," ताई म्हणाली आणि पदराला हात पुसत बाजूला झाली.

सपनाने चमचा पुढे केला. अबोलीने डोळे मिटून मान फिरवली, अगदी सावकाश. टेक एकदम ओके झाला. टाळ्या वाजल्या.

"क्या बात है!" प्रितम ताईला म्हणाला. "उद्याच्या सीनलापण आधी असंच भरवा हं. फक्त चेहऱ्यावर दिसता कामा नये."

अबोलीने पलंगावरून मला खुणेने बोलावलं. हॉस्पिटलचा झगा पोटावर घट्ट धरून, श्वास आत ओढून ती हळूच म्हणाली,

"मावशी, हे उद्यापर्यंत जाईल ना?"